दुसऱ्यांदा जाम झालेला पिस्टन

पत्र: मोठेबाबांची 1984 ची येझदी रोडकिंग कळमेश्वरला गोदामात चौदा वर्षं उभी होती. गेल्या दिवाळीत घरी आणली. इंजिन जाम होतं म्हणून एका गॅरेजमध्ये सिलिंडर बोअर करून (आतून किंचित मोठा करून) नवा पिस्टन टाकला, बाकीचं सगळं काम घरी करतो आहे. कच्च्या रस्त्यांवर एन्ड्युरोसारखी चालवायची आहे, म्हणून रुंद हँडल लावलं आणि सायलेन्सरमधले बॅफल (आवाज अडवणारे आतले भाग) काढले. मे महिन्यात रामटेकला निघालो होतो. ताशी साठचा वेग होता. मनसरच्या अलीकडे इंजिन एकदम दबलं आणि मागचं चाक घासत गाडी थांबली. बोअर करून जेमतेम 300 किमी झाले होते. मेकॅनिक म्हणतात, पिस्टन लोकल होता आणि ऊन फार होतं, आता जरा ढिला बोअर करू. तोवर गाडी छान चालत होती. फक्त गरम झाल्यावर रेस सोडली तरी इंजिन काही सेकंद वरच फिरत राहायचं. गिअर ऑइल कमी झालेलं नाही. पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिली टू-टी ऑइल टाकतो. पुन्हा बोअर करू का? आणि हिला व्हिंटेज नंबर मिळेल का?
— एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर:

बोअर करायची घाई करू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात: रेस सोडली तरी इंजिन वरच फिरत राहायचं. इंजिनात कुठून तरी बाहेरची हवा शिरते आहे, ही त्याची खूण आहे. ती वाट बुजवल्याशिवाय नवा पिस्टन टाकलात, तर तोही जाईल. मग तो कितीही चांगल्या कंपनीचा असो.

टू-स्ट्रोकची क्रँककेस, म्हणजे सिलिंडरखालची बंद पेटी, हा एक पंप असतो. पिस्टन वर जातो तेव्हा खाली पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल आणि ऑइल एकत्र ओढलं जातं. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबून वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. या पंपाला केसाएवढी फट असली तरी पोकळी तिथून नुसती हवा ओढते. त्या हवेसोबत पेट्रोल नसतं आणि ऑइलही नसतं. शिवाय कार्बोरेटरवरची ओढ तेवढी कमी होते, म्हणून तिथूनही पेट्रोल कमी येतं. मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), ज्वाला जास्त तापते, पिस्टन फुगतो, आणि ज्या ऑइलने त्याला वाचवायचं तेच अपुरं पडलेलं असतं. थ्रॉटल बंद असताना कार्बोरेटरची वाट अरुंद असते, त्यामुळे या चोरट्या हवेचा वाटा मोठा होतो. म्हणून रेस सोडल्यावरही इंजिन खाली येत नाही. अर्थात आधी केबल अडकत नाही आणि थ्रॉटलची स्लाइड टक्क आवाज करून पूर्ण खाली बसते, एवढं बघून घ्या.

हवा कुठून शिरत असेल? येझदीत डाव्या बाजूला क्लच आणि प्रायमरी चेन गिअर ऑइलमध्ये फिरतात, उजवीकडे जनरेटर असतो. डावं ऑइल सील गेलं असतं तर इंजिनाने गिअर ऑइल पिऊन पांढरा धूर सोडला असता आणि ऑइलची पातळी उतरली असती. तुमची उतरलेली नाही. म्हणून माझा पहिला संशय जनरेटरच्या बाजूच्या सीलवर आहे. त्यानंतर कार्बोरेटरची फ्लँज (इंजिनाला टेकणारी सपाट कड) आणि सिलिंडरखालचं पॅकिंग. चौदा वर्षं उभ्या गाडीत सीलची ओठासारखी कडा शाफ्टच्या एकाच जागी चिकटून कडक होते. तिच्याखाली शाफ्टवर गंजाची बारीक रेघ तयार होते, आणि गाडी सुरू झाली की तीच रेघ कानशीसारखी सीलला घासते. बोअर करताना सील बदलले का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बिलात त्यांचे पैसे नसतील तर बदललेले नाहीत, असंच धरून चाला.

आता जाम झालेला पिस्टन बाहेर काढा आणि पुसण्याआधी उजेडात नीट बघा. चारही कोपऱ्यांवर, म्हणजे घेरावर चार जागी, सारख्या उभ्या रेघा असतील तर पिस्टनला जागा कमी होती, किंवा थंड इंजिनाला जोरात ताणलं गेलं. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला रुंद पट्टा खरवडलेला असेल आणि अॅल्युमिनियम रिंगांवर फासलं गेलं असेल, तर लीन मिश्रण आणि उष्णता. इनटेकच्या बाजूचा स्कर्ट (पिस्टनचा खालचा घेर) पॉलिश पेपरने घासल्यासारखा धुरकट दिसत असेल तर एअर फिल्टरमधून धूळ आत गेली आहे, आणि कच्च्या रस्त्यावर जायचं असेल तर ही खूण जास्तच गंभीर समजा. माथ्यावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील तर ठिणगीचं टायमिंग पुढे आहे. पिस्टन उलटा करून माथ्याची आतली बाजूही बघा. तिथे ऑइल जळून काळा थर चिकटला असेल तर माथा फार तापला होता. तुमच्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूचा पट्टा दिसेल, असा माझा अंदाज आहे. चार कोपरे दिसले, तर मात्र मेकॅनिकचं बोअरबद्दलचं म्हणणं निम्मं खरं मानावं लागेल.

इंजिन हवाबंद आहे की नाही, हे घरी तपासता येतं आणि खर्च फार नाही. मेडिकल साहित्याच्या दुकानातून घड्याळासारख्या डायलचं बीपी मशीन आणा. त्यातला फुगा, व्हॉल्व्ह आणि डायल एवढंच लागतं. डायलवरचे 300 म्हणजे जवळपास 6 पीएसआय, आणि आपल्याला नेमका तेवढाच दाब हवा. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडे रबरी बूच मिळतात, काहींना मधोमध भोक असतं. भोक असलेल्या बुचात बीपीची नळी घट्ट बसवा. आधी नळीचं तोंड अंगठ्याने दाबून फुगा भरा आणि डायल हलत नाही ना, ते बघा. ही पायरी गाळली तर नंतर गळती इंजिनाची की आपल्याच जोडाची, हे कळत नाही.

सिलिंडर, पिस्टन, हेड आणि प्लग तात्पुरते जागेवर बसवा. जाम झालेला पिस्टन फिरत असेल तर या चाचणीपुरता तोही चालतो. कार्बोरेटर काढून त्याच्या फ्लँजवर जुन्या ट्यूबचा रबर आणि वर लोखंडी पट्टी ठेवून दोन्ही नट आवळा. एक्झॉस्टची दोन तोंडं आहेत. एकात बंद बूच, दुसऱ्यात नळीचं बूच घाला. दाबाने बूच उडतं, म्हणून वरून पट्टी किंवा तार घट्ट बांधा. पिस्टन पूर्ण खाली आणा. म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जायच्या वाटा) उघडे राहतात आणि सिलिंडर व क्रँककेस एक होतात. फुगा हळूहळू दाबून डायल 300 वर न्या आणि थांबा. याच्या पुढे जायचं नाही. जास्त दाबाने चांगलं सीलही उलटतं, आणि कॉम्प्रेसरची हवा तर चुकूनही लावू नका.

आता घड्याळ लावून सहा मिनिटं मोजा. चांगलं इंजिन जवळपास हलत नाही. मिनिटाला 50 पेक्षा जास्त उतरत असेल तर ते चालवण्याच्या लायकीचं नाही. मग भांडी धुण्याच्या साबणाचं घट्ट पाणी ब्रशने लावत चला: सिलिंडरचा तळ, हेडचा जोड, क्रँककेसचे दोन अर्धे जिथे मिळतात ती रेघ, प्लगची बैठक. उजव्या बाजूचं कव्हर आणि जनरेटर काढून शाफ्टभोवती साबण लावा. सील गेलं असेल तर तिथे बारीक फेस एका जागेवरून सतत वर येताना दिसेल. डावं सील तपासायला गिअर ऑइल भरायच्या तोंडावर साबणाचा पातळ पापुद्रा धरा. तो फुगला तर हवा त्या बाजूने गिअरबॉक्समध्ये जाते आहे. मात्र ऑइलची पातळी बघायचं किंवा श्वास घ्यायचं दुसरं भोक उघडं असेल तर आधी ते बंद करा.

यानंतर पिस्टन पूर्ण वर नेऊन तेच पुन्हा करा. या वेळी नळीचं बूच इनटेकला लावा आणि एक्झॉस्टची दोन्ही तोंडं बंद ठेवा. पिस्टन खाली असताना इनटेकचं पोर्ट त्याच्या स्कर्टने झाकलेलं असतं, म्हणून फ्लँजची गळती पहिल्या फेरीत लपून राहू शकते. पुष्कळ जण ही दुसरी फेरी करतच नाहीत.

सील बदलायला लागले तर दोन्ही बदला, आणि वायटन रबराचे मागा. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे आणि उष्णतेपुढे ते साध्या नायट्राइलपेक्षा टिकतं. माप जुन्या सीलवर कोरलेलं असतं. स्प्रिंगवाली बाजू क्रँककेसकडे येते. शाफ्टवर नख अडकेल एवढी खाच असेल तर नवं सील जागा असेल तितकं, अर्धा-एक मिलिमीटर, आतबाहेर सरकवून बसवा म्हणजे ओठ कोऱ्या जागी टेकतो. ओठाला बसवताना ग्रीस लावा. क्रँककेस उघडावी लागलीच तर कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघा. आजूबाजूला थोडी हालचाल चालते, पण वर-खाली अजिबात नको. चौदा वर्षांत खालच्या बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके पडलेले असतात. क्रँक प्रेस करून सरळ करणं मात्र घरचं काम नाही. ते डायल गेजवर क्रँक फिरवून दाखवणाऱ्या मशीन शॉपकडेच द्या.

मेकॅनिकांची दोन्ही कारणं तपासू. ऊन म्हणाल, तर गरम हवा विरळ असते. 45 अंशांच्या दुपारी मिश्रण उलट किंचित रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. उन्हाने नुकसान होतं ते वेगळ्या वाटेने: फिन्सना थंड करायला तेवढी गार हवा मिळत नाही. पण कार्बोरेटर लावताना हे उलट धरून चालू नका. मे महिन्यात कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) लावून खूश झालात, तर डिसेंबरच्या सकाळी 10 अंशांत तीच हवा सुमारे बारा टक्के जास्त दाट होते आणि तीच गाडी लीन होते. त्यामुळे जेटिंग हिवाळ्यात सकाळी पक्कं करा.

ढिल्या बोअरचं म्हणाल, तर नकोच. 65 मिमीच्या बोअरला पिस्टनची मोकळी जागा 0.065 ते 0.08 मिमी एवढी पुरे. 0.15 केली तर पिस्टन थंड असताना खडखडेल, रिंगा डोलतील, आणि लीन मिश्रण असलं तर तो तरीही जाम होईल. मापायचं कसं? पिस्टन गोल नसतो, किंचित अंडाकृती आणि खाली रुंद असतो, म्हणून स्कर्टच्या खालच्या भागात, पिनला काटकोनात फीलर गेज घाला. 0.06 ची पट्टी जावी, 0.09 ची अडावी. रिंग एकटी सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट मोजा. 0.25 मिमीच्या आसपास हवी.

सिलिंडर वाचण्याची शक्यता चांगली आहे. चुंबक चिकटत असेल तर तो लोखंडी आहे, आणि भिंतीवर जे चकचकीत चिकटलं आहे ते बहुतेक पिस्टनचंच अॅल्युमिनियम. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून फक्त त्या डागांवर फिरवा. फेस येत राहील तोवर अॅल्युमिनियम विरघळतं आहे, फेस थांबला की लोखंड उरलं. हे अंगणात करा, हातमोजे आणि चष्मा घाला, आणि हेडला किंवा क्रँककेसला एक थेंबही लागू देऊ नका, कारण ते अॅल्युमिनियमचेच असतात. धुऊन लगेच ऑइल फासा. मग नख फिरवलं आणि रेघ लागली नाही तर हलकं होन करून (आतून बारीक घासून) त्याच मापाचा नवा पिस्टन चालेल. नख अडलं तरच पुढचा पाव मिलिमीटर बोअर. आणि बोअर केलंत तर पोर्टच्या कडा बारीक दगडाने मोडून मागा. बोअरिंगनंतर त्या सुरीसारख्या धारदार होतात आणि रिंग त्यांवर अडकते. घाईच्या कामात हे हटकून राहतं. गॅरेजवाल्याने बोट फिरवून दाखवल्याशिवाय सिलिंडर ताब्यात घेऊ नका. पिस्टन बसवताना वरचा बाण एक्झॉस्टकडे, आणि पिनचे सर्क्लिप (पिन अडवणाऱ्या तारेच्या कड्या) दर वेळी नवे.

आता तुमच्या हातून झालेली गोष्ट. बॅफल काढल्याने सायलेन्सरचा मागचा दाब बदलतो आणि लीन मिश्रण आणखी लीन होतं. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग आहे. बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण त्यातल्या लहरी परत ढकलतात. बॅफल कॉस्टिकने किंवा भट्टीत जाळून काजळी काढा आणि परत बसवा. ताकद तिथेच आहे.

पेट्रोलही बदललं आहे. साध्या पेट्रोलच्या एका किलोला जळायला 14.7 किलो हवा लागते, 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण 13.5. म्हणजे 1984 च्या जेटमधून आजचं पेट्रोल आलं की मिश्रण आपोआप आठेक टक्के लीन. मेन जेट एक पायरी मोठा घ्या. पण तुमचा पिस्टन साठच्या वेगाला, म्हणजे अर्ध्या किंवा त्याहून कमी थ्रॉटलवर जाम झाला, आणि तिथे मेन जेटपेक्षा कार्बोरेटरच्या सुईचं राज्य चालतं. सुईची क्लिप एक खाच खाली बसवा, म्हणजे सुई वर उचलली जाईल. ग्रिपवर आणि तिच्या शेजारच्या पट्टीवर खडूने पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. कुठल्या खुणेवर इंजिन अडखळतं हे सांगता आलं, तरच कुठला भाग बदलायचा ते कळतं. कार्बोरेटरची फ्लँज काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून सपाट घासा. वर्षानुवर्षं आवळून ती केळ्यासारखी वाकलेली असते.

बराच वेळ नीट चालून मग दबलेल्या इंजिनात आणखी एक कारण तपासलंच पाहिजे: टाकीच्या झाकणाचं भोक. ते गंजाने बुजलं की पेट्रोल उतरता उतरता आत पोकळी होते आणि धार मंदावते. झाकण बंद ठेवून नळी बाटलीत सोडा. पहिल्या मिनिटाला 200 मिली आणि पाचव्या मिनिटालाही तेवढंच यायला हवं. टाकीतला गंज काढायला इतवारीत ठोक किराण्याकडून लिंबूसत घ्या: लिटरभर गरम पाण्याला 100 ग्रॅम, रात्रभर, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग कोरडं करून आतून ऑइल फिरवा.

लिटरला 20 मिली ऑइल बोअर केलेल्या रोडकिंगला कमी आहे. पहिले 500 किमी 40 मिली टाका, म्हणजे 5 लिटरला 200 मिली, आणि पुढे 30. वेगळ्या डब्यात मिसळून मगच टाकीत ओता. मिसळलेलं पेट्रोल पावसाळाभर टाकीत ठेवू नका. दमट हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं, ते दोघं मिळून तळाशी वेगळे बसतात आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. कॉकमधून आधी काय येतं? ऑइल नसलेला तळचा थर.

पॉइंटची (ठिणगी पाडणाऱ्या स्विचची) फट 0.4 मिमी ठेवा आणि टायमिंग प्लगच्या भोकात डायल गेज लावून मॅन्युअलच्या आकड्याला जुळवा. या इंजिनात पिस्टनचा अर्धा मिलिमीटर म्हणजे क्रँकचे साधारण पावणेदोन अंश, म्हणून अंदाजाने लावू नका.

व्हिंटेज नंबरचं थोडक्यात: 2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तुमची 1984 ची असेल तर 2034. तोवर आरटीओत नेहमीचं नूतनीकरण. शिवाय गाडी मूळ रूपात हवी, म्हणून एन्ड्युरोच्या नावाखाली फ्रेम कापू नका, वेल्डिंग करू नका. रुंद हँडल, खाचांचे टायर, फोमचा ऑइल लावलेला फिल्टर, हे सगळं उलटवता येतं. मूळ हँडल जपून ठेवा. 2022 पासून विकल्या जाणाऱ्या नव्या येझदी फोर-स्ट्रोक आहेत, त्यांचे इंजिनाचे भाग बसणार नाहीत.

नवे सील बसवून जोडणी झाली की पिस्टन खाली ठेवून केलेली दाबाची पहिली चाचणी पुन्हा करा. मग इंजिन सुरू करून गरम करा, पूर्ण थंड होऊ द्या आणि हेडचे नट तिरप्या जोडीने परत आवळा. पहिल्या 100 किमीत एकाच वेगाला चिकटून राहू नका, थ्रॉटल वर-खाली करत चला. रामटेकच्या गडमंदिराच्या उतारावर रेस पूर्ण बंद ठेवून गिअरमध्ये खाली येऊ नका. पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. मधूनमधून क्लच दाबून रेस द्या. परत येताना मनसरच्या सरळ रस्त्यावर अर्ध्या थ्रॉटलने किलोमीटरभर जा, क्लच दाबा, इंजिन बंद करा, कडेला लावून प्लग काढा. चिनी मातीच्या अगदी तळाशी तपकिरी कडी दिसायला हवी. ती पांढरी असेल तर क्लिप आणखी एक खाच खाली, आणि साठच्या वर तोपर्यंत जायचं नाही.